इटालियन क्रियारूपे : अक्षरविभाग व आघात

इटालियन भाषेत क्रियापदाचा काळ, पुरुष व वचन प्रत्ययांवरून कळतात. परंतु अनेक रूपांचा निर्णय आघाताच्या स्थानावरच होतो. येथे अक्षर म्हणजे लिपिचिन्ह नव्हे, तर एका स्वराभोवतीचा उच्चारघटक होय. त्यावरील उच्चाराचा जोर म्हणजे आघात. पुढील उदाहरणांत आघातयुक्त अक्षरापूर्वी ' हे चिन्ह दिले आहे.

दोन स्वरांमधील एकेरी व्यंजन पुढील अक्षरात जाते. द्वित्त व्यंजन दोन अक्षरांत विभागले जाते. आघातहीन इ पुढील स्वरात मिसळतो, आघातयुक्त इ स्वतंत्र राहतो. म्हणून 'स्तू-द्यो (मी शिकतो) हे रूप द्व्यक्षरी, तर इन्-'वी-ओ (मी पाठवतो) हे त्र्यक्षरी ठरते.

बहुतेक क्रियापदांच्या वर्तमानकाळात एकवचनी रूपांचा आघात धातूवर असतो व तृतीयपुरुषी अनेकवचनात तो तेथेच टिकतो. उदा., 'आ-बि-तो (मी राहतो), 'आ-बि-ता-नो (ते राहतात). प्रथम व द्वितीय पुरुषांच्या अनेकवचनांत मात्र तो प्रत्ययावर सरकतो : आ-बि-'त्या-मो, आ-बि-'ता-ते.

ह्या व्यवस्थेचे मूळ लॅटिनमध्ये आहे. लॅटिनमध्ये उपान्त्य अक्षर गुरू असल्यास आघात त्यावर, लघू असल्यास त्याच्या आधीच्या अक्षरावर येई. त्यामुळेच वे-'दे-रे (पाहणे) आणि 'क्रे-दे-रे (विश्वास ठेवणे) ह्या सारख्याच अंताच्या रूपांत आघाताची स्थाने भिन्न आहेत. लॅटिन आ-'मा-विट् (त्याने प्रेम केले) ह्या रूपाचा शेवट झिजला, तरी आघात टिकला. त्यातून आ-'मो हे अंत्याघाती रूप सिद्ध झाले. 'आ-मो म्हणजे मात्र 'मी प्रेम करतो'.

लेखनात आघातचिन्ह सामान्यतः अंत्य अक्षरावरच देतात. परिणामी 'का-पि-तो (मी अचानक येऊन पोहोचतो) व का-'पी-तो (समजलेले) ही रूपे एकसारखीच लिहिली जातात. का-पि-'तो (घडले) एवढेच चिन्हामुळे वेगळे दिसते. मराठीत केवळ आघाताने शब्दार्थ सहसा बदलत नसल्याने मराठीभाषकास ह्या भेदाकडे विशेष लक्ष द्यावे लागते. धातूवरील आघाताचे स्थान आ-बि-'ता-रे (राहणे) ह्यासारख्या मूळ रूपावरून कळत नाही. म्हणून त्याबरोबर वर्तमानकाळाचे प्रथमपुरुषी एकवचनही शिकणे आवश्यक ठरते.