माणसांची भूक कमी असलेली माणसं

अमेरिकेतल्या मेन राज्यात १९८६ साली ख्रिस्तोफर नाइट नावाचा वीस वर्षांचा तरुण आपली गाडी तिथंच सोडून जंगलात शिरला आणि पुढची २७ वर्षं तिथंच राहिला. धूर दिसून माग लागेल म्हणून तिथल्या हाडं गोठवणाऱ्या हिवाळ्यातही त्यानं कधी शेकोटी पेटवली नाही. त्याच्याच सांगण्यानुसार, एवढ्या काळात तो माणसाशी एकच शब्द बोलला. वाटेत समोर आलेल्या एका भटक्याला केलेलं ‘हाय’! २०१३ मध्ये एका शिबिराच्या स्वयंपाकघरात अन्न चोरताना तो पकडला गेला. आसपास सुमारे हजार घरफोड्या केल्याचं त्यानं कबूल केलं. म्हणजे माणसं नकोत, पण त्यांचा शिधा हवा. ‘का गेलास?’ याचं उत्तर मात्र त्याला कधीच नीट देता आलं नाही.

तो प्रश्न अवघड आहेच. सोबत ही माणसाच्या मेंदूची जवळजवळ अन्नासारखी गरज आहे. २०२० मध्ये एमआयटीतल्या संशोधकांनी काही जणांना दहा तास पूर्ण एकटं ठेवलं, फोनही दिला नाही. नंतर त्यांना लोक एकत्र रमल्याची चित्रं दाखवली, तेव्हा मध्यमेंदूतला जो भाग उपाशी माणसानं जेवण पाहिल्यावर सक्रिय होतो, तोच झाला. मग ही भूक काहींना कमी कशी लागते?

इथं एक गफलत नेहमी होते. दार लोटून बसणारे सगळे आपण एकाच पोत्यात भरतो. अमेरिकेतल्या बफेलो विद्यापीठातल्या ज्युली बोकर यांनी २०१७ मध्ये ते निवडून वेगळे केले. कुणी बुजरेपणामुळे लांब राहतो, कुणाला माणसं नकोशीच वाटतात आणि कुणाला स्वतःची सोबत पुरते. यातल्या तिसऱ्या गटाचाच सर्जनशीलतेशी संबंध दिसला. सर्जनशीलतेमुळे एकांत हवासा होतो की एकांतामुळे ती फुलते, हे अशा पाहणीतून ठरत नाही. पण ‘एकलकोंडा’ हा शिक्का सरसकट मारणं चूक आहे, एवढं नक्की.

एकांत स्वतः निवडलेला आहे की लादलेला, हेही महत्त्वाचं. रॉचेस्टर विद्यापीठातल्या प्रयोगांत पंधरा मिनिटं एकटं बसल्यावर राग, अस्वस्थता आणि उत्साहसुद्धा, अशा सगळ्याच तीव्र भावना ओसरल्या. एकांत ज्यांनी आपणहून घेतला, त्यांना शांत वाटलं, ताणही कमी झाला. देहूजवळच्या भंडारा डोंगरावर जाऊन बसणारे तुकोबा कीर्तनाला माणसांतच उभे राहत. अंधारकोठडीतल्या कैद्याला अशी परतीची वाट नसते. म्हणूनच सलग १५ दिवसांपेक्षा जास्त एकांतवासाची शिक्षा संयुक्त राष्ट्रांच्या नियमांत निषिद्ध आहे.

पण असा स्वभाव निसर्गात टिकला कसा? मला सर्वांत रंजक वाटणारा सुगावा मातीतल्या एका अमीबात आहे. डिक्टिओस्टेलियम हे त्याचं नाव. जिवाणू खाऊन तो एकेकटा जगतो. अन्न संपलं की हजारो अमीबा रासायनिक हाकेला ओ देऊन गोळा होतात आणि त्यांचा एक मनोरा उभा राहतो. साधारण पाचवा हिस्सा अमीबा त्याचा देठ होऊन मरतात, उरलेले माथ्यावर बीजाणू होऊन नव्या जागी जायची वाट पाहतात. काही अमीबा मात्र या मेळ्यात जातच नाहीत. हे वाट चुकलेले असावेत, असं बराच काळ मानलं गेलं. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या कोरिना तार्निता आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये दाखवलं, की किती जण मागं राहणार हे निव्वळ योगायोगावर नसतं. त्यात आनुवंशिकतेचाही हात असतो. तिथंच पुन्हा अन्न आलं, तर मागं राहिलेले लगेच खाऊन वाढतात. मेळ्यावर संकट आलं, तरी वंश उरतो. सगळेच एका दिशेला न जाणं हा त्या जातीचा विमाच.

अमीबावरून थेट माणसावर उडी मारणं धोक्याचं, हे मान्य. माणसात संस्कार आहेत, अनुभव आहेत, दुखावलेपण आहे. तरीही समूहाबाहेर राहणारा तो बिघडलेलाच, हे गृहीतक जीवशास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही.

तेव्हा घरात कुणी आपणहून एकटं बसत असेल, तर त्याला ‘काय झालं?’ म्हणून सारखं टोकू नका. पण कालपर्यंत मित्रांत रमणारा माणूस अचानक खोलीबाहेर येईनासा झाला, झोप-जेवण बिघडलं, आवडीचंही नकोसं झालं आणि हे दोन आठवडे चाललं, तर ते नैराश्य असू शकतं. अशा वेळी डॉक्टरांना भेटा किंवा केंद्र सरकारच्या ‘टेली मानस’ सेवेला १४४१६ वर फोन करा. ती चोवीस तास मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.