प्राणिपात्री विनोदी चित्रकथा

माणसांप्रमाणे बोलणारे, वागणारे व बहुधा वस्त्रे परिधान करणारे पशुपक्षी ज्यांत प्रमुख पात्रे असतात, अशा विनोदप्रधान चित्रकथा. क्रमाने मांडलेल्या चौकटी आणि पात्रांचे संवाद दर्शविणारे फुगे यांच्या साहाय्याने त्या सांगितल्या जातात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात (१९३९–४५) अमेरिकेत हा प्रकार स्वतंत्र नियतकालिकांच्या रूपाने भरभराटीस आला. पुढे मुंबईत निर्माण झालेल्या भारतीय चित्रकथांतही त्याची देशी रूपे आढळतात.

पशुपक्ष्यांना वाचा देण्याची प्रथा प्राचीन आहे. पंचतंत्र, हितोपदेश व जातककथा ही तिची भारतातील प्रसिद्ध उदाहरणे होत. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी इसापच्या कथा १८२८ मध्ये मराठीत आणल्या. शेणाच्या व मेणाच्या घरांची काऊचिऊची गोष्ट तर मौखिक परंपरेनेच घरोघर पोहोचली. अशा कथांतील प्राणी सामान्यतः एखाद्या गुणाचा वा दोषाचा प्रतिनिधी असतो आणि कथेची अखेर बहुधा बोधात होते. चित्रकथेतील प्राण्याला मात्र घरदार, शेजारी व स्वतःचा असा स्वभाव असतो. त्याची फजिती होते. पण पुढील अंकात तो तीच चूक नव्याने करतो. बोधाची जागा स्वभावदर्शनाने घ्यावी, हे या प्रकाराचे मुख्य वैशिष्ट्य होय.

व्यंगचित्रपटांतील पात्रे घेऊन वॉल्ट डिझ्नीज कॉमिक्स अँड स्टोरीज (१९४०) व लूनी ट्यून्स अँड मेरी मेलडीज कॉमिक्स (१९४१) ही मासिके निघाली. त्यांच्या यशामुळे १९४२ नंतर अनेक प्रकाशकांनी अशी नियतकालिके सुरू केली. व्यंगचित्रपटगृहांतील अनेक चित्रकार फावल्या वेळात त्यांसाठी पृष्ठे रेखाटून देत. सुपर रॅबिट व हॉपी द मार्व्हल बनी या सशांच्या रूपाने अतिमानवी वीरांचे विडंबनही झाले. जुने भंगार गोळा करणे, युद्धरोखे विकणे, परसात भाजीपाला पिकविणे यांसारखी युद्धकालीन कामे या कथांतील प्राणीही करू लागले. कागदावरील नियंत्रणामुळे अंकांची पृष्ठसंख्या घटली. वाचून झालेले अंक रद्दी संकलनाच्या मोहिमांत लगद्यासाठी दिले गेले. त्यामुळे त्या काळातील सुस्थितीतील प्रती दुर्मिळ झाल्या. शत्रुपक्षातील जपानी लोकांची, तसेच कृष्णवर्णीयांची विकृत व अपमानकारक चित्रे हा या साहित्याचा गंभीर दोष होय.

या काळातून पुढे आलेल्या कलावंतांत कार्ल बार्क्स (१९०१–२०००) व वॉल्ट केली (१९१३–७३) हे श्रेष्ठ मानले जातात. बार्क्सने १९४२ मध्ये डिझ्नी संस्थेच्या चित्रपटगृहातील नोकरी सोडली. एप्रिल १९४३ च्या अंकात त्याने डोनाल्ड डक या बदकाची युद्धकालीन परसबाग आणि तीतील बी पळविणारे कावळे यांची कथा रेखाटली. अंकल स्क्रूज हा कृपण धनिक त्याने १९४७ मध्ये निर्माण केला. या कथांवर डिझ्नीचेच नाव असे. ‘चांगला चित्रकार’ म्हणून बार्क्सची शैली वाचक ओळखत, परंतु त्याचे नाव त्यांना सु. १९६० पर्यंत ठाऊक नव्हते. लक्षावधी मुलांनी वाचलेल्या लेखकाचे असे अनामिक राहणे, ही या व्यवसायाची तत्कालीन रीतच होती.

केलीचे पोगो (एक ऑपॉसम) हे पात्र १९४२ मध्ये ॲनिमल कॉमिक्स या नियतकालिकात प्रथम अवतरले व पुढे वृत्तपत्रांत गेले. १९५३ मध्ये केलीने सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांचे रानमांजराच्या रूपात विडंबन केले. मनुष्यपात्राच्या तोंडी धोक्याचे ठरणारे भाष्य प्राण्याच्या मुखवट्याआडून करता येते, हे त्यातून दिसून आले. आर्ट स्पीगलमनच्या माउस (दोन खंड, १९८६ व १९९१) या ग्रंथात हाच संकेत विनोद बाजूस सारून वापरलेला आहे : ज्यू उंदरांच्या व नाझी मांजरांच्या रूपात दाखवून त्यात ज्यूंच्या संहाराची कहाणी सांगितली आहे. त्यास १९९२ मध्ये विशेष पुलिट्झर पारितोषिक मिळाले.

भारतात अनंत पै (१९२९–२०११) यांनी १९६९ मध्ये मुंबईत ‘रंग-रेखा फीचर्स’ ही संस्था स्थापन केली. शेपटी हवी तेवढी लांब करू शकणारे कपीश हे माकड या संस्थेच्या चित्रकथांतून लोकप्रिय झाले. पै यांच्या संपादनाखाली १९८० मध्ये टिंकल हे इंग्रजी बालनियतकालिक सुरू झाले. त्यात प्रदीप साठे यांनी रेखाटलेल्या कालिया कावळ्याच्या कथा प्रसिद्ध होत. चमाटका कोल्हा व डूबडूब मगर दुबळ्या प्राण्यांना पकडू पाहतात आणि कालिया चातुर्याने त्यांचा बेत उधळतो. दुबळ्याने बुद्धीच्या बळावर तरावे, हे सूत्र पंचतंत्राचे; तर फसूनही न शहाणे होणारी जोडी विनोदी चित्रकथेची. अशा रीतीने देशी बोधकथा व आधुनिक चित्रकथा यांचा येथे मेळ बसलेला दिसतो.