शास्त्रज्ञाचा वर्ण

शास्त्राच्या प्रांतांत मान गुणांस, वर्णास नाहीं, असें आपण समजतों. अमेरिकेंतील जीवशास्त्रज्ञ डॉ. अर्नेस्ट एव्हरेट जस्ट यांचें चरित्र वाचल्यापासून आम्हांस तसें म्हणवत नाहीं.

जस्ट यांचा जन्म १८८३ सालीं एका कृष्णवर्णी कुटुंबांत झाला. १९१६ सालीं ते शिकागो विद्यापीठाचे डॉक्टर झाले. सागरी प्राण्यांच्या अंड्यांचें फलन कसें होतें, ह्याचा अभ्यास त्यांनीं वुड्स होल येथील समुद्रकांठच्या प्रयोगशाळेंत अनेक उन्हाळे केला. तीं नाजूक अंडीं कशीं हाताळावीं, हें विचारावयास गोरे संशोधक त्यांजकडे येत. प्राध्यापकाची जागा मात्र गोऱ्यांच्या एकाही मोठ्या विद्यापीठानें त्यांस दिली नाहीं! कृष्णवर्णीयांच्या हॉवर्ड विद्यापीठांत अध्यापनाचा भार वाहून उरेल त्या वेळांत त्यांनीं संशोधन केलें. मोकळीक लाभली ती यूरोपांत. १९३० सालीं बर्लिनच्या कैसर विल्हेल्म संस्थेनें त्यांस सन्मानानें बोलाविलें.

ही जुनी गोष्ट झाली, असें कोणी म्हणेल. परंतु त्या देशाच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेकडे २००० ते २००६ या काळांत अनुदानासाठीं आलेले अर्ज तपासून २०११ सालीं असें प्रसिद्ध झालें कीं, शिक्षण व छापलेले निबंध सारखे धरले तरीही, कृष्णवर्णी संशोधकांचे अर्ज गोऱ्यांहून दर शंभरांमागें १० नीं कमी मंजूर झाले. अनुदानावांचून प्रयोगशाळा नाहीं, आणि प्रयोगशाळेवांचून बढती कशाची? २०१९ सालीं एक कारण उजेडांत आलें: लोकसमूहांच्या आरोग्याचे विषय हे संशोधक अधिक निवडतात, व नेमका त्याच विषयांस पैसा कमी मिळतो. पण तेवढ्यानें तफावतीचा सुमारें पांचवा हिस्साच उलगडतो.