वीज गेली की सौरछप्परही का थांबतं?

26 सप्टेंबर 2021 च्या संध्याकाळी ‘गुलाब’ चक्रीवादळ आंध्रच्या उत्तर किनाऱ्यावर, कलिंगपट्टणमजवळ जमिनीवर आलं. समुद्र मागे पडला की चक्रीवादळाचं इंधन तुटतं, वारा मंदावतो. पण त्याने सोबत आणलेली वाफ हवेतच असते. तेलंगण ओलांडून ते मराठवाडा-विदर्भाच्या शिवेवर पोहोचलं तेव्हा त्याचं वादळपण सरलं होतं, पाऊस मात्र शिल्लक होता. 28 तारखेला सकाळी उमरखेडजवळ दहागावचा नाला पुलावरून वाहत होता. नांदेडहून नागपूरला निघालेली एसटी बस त्या पाण्यात वाहून गेली आणि बसमधल्या काही माणसांचे जीव गेले. तेच अवशेष पुढे अरबी समुद्रावर गेले, तिथे पुन्हा बळावले आणि ‘शाहीन’ हे नवं नाव घेऊन 3 ऑक्टोबरला ओमानवर धडकले.

समुद्रापासून इतक्या आत असलेल्या उमरखेडच्या वाट्याला वादळ येतं ते असं, पाण्याच्या रूपाने. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवून दिलं, की 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात एकाच वेळी मोठ्या प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. अरबी समुद्र तापतो आहे आणि तिथून येणारे बाष्पाचे लोट अधिक जोरकस झाले आहेत. हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे 7 टक्के जास्त वाफ मावते. त्यात इथली काळी कसदार जमीन. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पण एकदा भिजून फुगली की ती पाणी आत घेईनाशी होते. सप्टेंबरअखेर ती तुडुंब असते. मग पडेल तो थेंब नाल्याकडे धावतो, नाला पैनगंगेकडे, आणि रपटा बघता बघता पाण्याखाली जातो.

बस वाहून जाण्यामागचं गणितही साधं आहे. बस साधारण 10 मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद असते. पाणी तिच्या तळाला टेकलं, की त्यानंतर चढणारं प्रत्येक 10 सेंटिमीटर पाणी, आत शिरेपर्यंत, तिचं अडीच टन वजन उचलून धरतं. वजन हलकं झालं की टायरची पकड सुटते. शिवाय वाहत्या पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट, तर रेटा चौपट. चालक कितीही कसलेला असला तरी या दोन गोष्टींपुढे त्याच्या हातात काही उरत नाही.

पुराचं पाणी ओसरतं. वीज मात्र लवकर येत नाही, आणि मला इथे बोलायचं आहे ते त्याबद्दल. 22 जुलै 2023 रोजी शेजारच्या महागाव तालुक्यात आनंदनगर तांड्याला पुराने वेढलं आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं पाठवावी लागली. अशा दिवशी गावाबाहेरच्या माणसाशी बोलायचं तर मोबाइल चार्ज असावा लागतो. पाणीपुरवठ्याचा पंप चालावा लागतो. आरोग्य केंद्रातल्या लसी 2 ते 8 अंशांच्या मध्ये राहाव्या लागतात. त्यासाठीचं खास शीतपात्र दिवसाला 8 तास वीज मिळाली तरी निभावून नेतं, पण ते 8 तासही मिळाले नाहीत तर?

छपरावर सौर पॅनेल आहेत, मग अडचण काय, असं कुणीही विचारेल. अडचण अशी, की अनुदानातून बसणारी बहुतेक सौरछप्परं ग्रिडला जोडलेली असतात, आणि ग्रिडची वीज गेली की ती दोन सेकंदांच्या आत स्वतःहून बंद होतात. इन्व्हर्टरची रचनाच तशी असते. तुटलेली तार जोडायला लाइनमन खांबावर चढलेला असताना कुणाच्या तरी छपरावरून त्या तारेत वीज आली, तर तो जिवाला मुकेल. म्हणून ग्रिडचा दाब आणि वारंवारता सापडेनाशी झाली की इन्व्हर्टर काम थांबवतो. नियम योग्यच आहे. पण त्याचा अर्थ असा, की भर दुपारी ऊन असलं तरी घरात पंखा फिरत नाही. वीज गेल्यावरही उजेड हवा असेल तर बॅटरी आणि ग्रिडपासून स्वतःला तोडून चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर लागतो.

आता अनुदानांकडे पाहा. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत 2 किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागे 30 हजार आणि 3 किंवा त्याहून अधिक किलोवॉटला 78 हजार रुपये मिळतात. मोजमाप आहे ते पॅनेलच्या क्षमतेचं. त्याच योजनेत जिल्ह्यातल्या एका आदर्श सौरग्रामाला 1 कोटी रुपये मिळतात, पण तिथेही स्पर्धा आहे ती कोणत्या गावात अक्षय ऊर्जेची क्षमता जास्त बसली याची. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 मध्ये गावाच्या हद्दीत सौर प्रकल्प उभा राहिला, तर ग्रामपंचायतीला तीन वर्षं दरवर्षी 5 लाख रुपये मिळतात. दुसरीकडे, आपत्तीचा पैसा वेगळ्याच दाराने येतो. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात सौम्यीकरण निधीची तरतूद होती. राज्यांच्या हाती त्यासाठी पैसा आला तो पंधराव्या वित्त आयोगानंतर. 2021 ते 2026 साठी सगळ्या राज्यांचे मिळून 1,60,153 कोटी ठरले. त्यातले 80 टक्के मदत, पुनर्बांधणी आणि पूर्वतयारीसाठी, 20 टक्के नुकसान टळावं म्हणून. सौर योजनेचा कागद पुराबद्दल विचारत नाही, पुराचा कागद विजेबद्दल विचारत नाही. ही फाळणी मला घातक वाटते, कारण वादळाच्या रात्री गावाला दोन्हींची गरज एकाच इमारतीत पडते.

प्वेर्तो रिकोमधल्या अदहुंतास या डोंगराळ गावात ‘कासा प्वेब्लो’ नावाचं लोकांनीच चालवलेलं केंद्र 1999 पासून सौरऊर्जेवर आहे. 20 सप्टेंबर 2017 ला ‘मारिया’ वादळाने सगळ्या बेटाची वीज घालवली, तेव्हा या केंद्रात उजेड होता. लोक फोन आणि श्वासाची यंत्रं घेऊन तिथे आले. नंतर गावातल्या दुकानांच्या छपरांवर पॅनेल बसले, बॅटऱ्या आल्या, आणि 2023 मध्ये त्यांची छोटी स्वतंत्र ग्रिड सुरू झाली.

आपल्याकडे एका गावाला किती लागेल? 9 वॉटचे 8 दिवे 12 तास लावले तर 0.86 युनिट. 50 मोबाइल, प्रत्येकी 15 वॉट-तास, म्हणजे 0.75. बेरीज दीड युनिटाच्या थोडी वर. 2 किलोवॉटचे पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला सुमारे 8 युनिट देतात. आभाळ गच्च असताना त्याचा पाचवा हिस्सा धरला तरी तेवढी गरज भागते. लसींच्या पेटीसाठी आणि रात्रीसाठी 5 युनिटांची बॅटरी ठेवावी. एवढ्यावर शाळा किंवा उपकेंद्र दोन-तीन दिवस तग धरू शकतं.

शेतातले सौरपंपही विचारात घ्यायला हवेत. शेतकऱ्याने किमतीच्या 10 टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने 5 टक्के भरून घेतलेला हा पंप ग्रिडवर अवलंबून नसतो, आणि पावसात तो बंदच असतो. त्याच पॅनेलवर पिठाची चक्की, कडबाकुट्टी किंवा बॅटरीचा चार्जर चालवता येईल असा नियंत्रक केंद्राच्या योजनेत मान्य आहे, पण शिवारात तो क्वचितच दिसतो.

पॅनेल टिकले पाहिजेत हे तर पहिलं. ताशी 150 किलोमीटरचा वारा दर चौरस मीटरवर 100 किलोच्या वर दाब देतो. दोन चौरस मीटरच्या पॅनेलचं स्वतःचं वजन 25 किलोच्या आसपास, आणि वारा त्याला 200 किलोंच्या जोराने ओढणार. टिनाच्या पत्र्याला चार स्क्रू मारून बसवलेली चौकट असा वारा पेलत नाही. ती पत्र्यासकट जाते.

ग्रामपंचायतीचा पुढच्या वर्षाचा विकास आराखडा 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेच्या आगेमागे आकार घेऊ लागतो. सौर अनुदानातून पॅनेल, सौम्यीकरण निधीतून बॅटरी आणि बांधकाम, आणि जिथे प्रकल्पाचे 5 लाख येतात तिथे त्यातून देखभाल, अशी जोडणी ठरावात मांडून मागणी करता येईल. अंदाजपत्रकात तीन गोष्टी शब्दांत लिहिलेल्या असाव्यात: इन्व्हर्टर हायब्रिड, चौकट काँक्रीटमध्ये बोल्टने जखडलेली, आणि बॅटरीची पेटी 2021 च्या पुराचं पाणी गावात जिथवर चढलं होतं, त्या खुणेच्या किमान एक मीटर वर.