एकदा तरी पिल्लं होऊ देत?

जयपूरच्या वैशाली नगरात संध्याकाळी लॅब्राडोर मादीला घेऊन आम्रपाली सर्कलपर्यंत चालत गेलं, की एक प्रश्न चुकत नाही : अजून पिल्लं नाही झाली? नाही म्हटलं, की पुढचं वाक्य ठरलेलं असतं. एकदा तरी होऊ द्यायलाच हवीत, नाहीतर मादी आजारी पडते. इथले शेजारी ते हिंदीत सांगतात, कोल्हापूरची मावशी फोनवर मराठीत : "अगं, बिचारीला एकदा तरी बाळंत होऊ दे. नाहीतर पोटात गाठी होतात म्हणे." चार वर्षं हे ऐकते आहे. सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, म्हणून सुरुवातीला मी गप्प बसायचे. पण याच समजापायी धड तपासणी न केलेल्या माद्या नराला लावल्या जातात, आणि मग सात-आठ पिल्लांचं करायचं काय म्हणून लोक हवालदिल होतात. तेव्हा स्पष्टच लिहिते : मादीच्या तब्येतीसाठी तिला पिल्लं होऊ देण्याची काहीही गरज नाही.

कुत्री साधारण सहा-आठ महिन्यांनी माजावर येते. माज ओसरला की तिच्या शरीरात प्रोजेस्टेरॉन वाढतं आणि जवळजवळ दोन महिने वाढलेलंच राहतं, मग ती गाभण असो वा नसो. म्हणूनच न लावलेल्या कुत्रीलाही कधी कधी दूध उतरतं, ती खेळणं तोंडात धरून कोपऱ्यात नेते, कण्हते, अंथरूण उकरते. ते बघून लोकांना वाटतं, हिला आई व्हायचंय. ही इच्छा नव्हे, संप्रेरकांचा चढउतार आहे. याला खोटं गाभणपण म्हणतात आणि बहुतेक वेळा दोन-तीन आठवड्यांत ते आपोआप ओसरतं. (दूध मात्र पिळून काढू नये, त्यानं आणखी उतरतं.) या वर्षी पिल्लं झाली म्हणून पुढच्या माजानंतर हेच चक्र टळत नाही.

आता मावशीच्या गाठी. स्तनांतल्या गाठींविषयी सगळ्यात जास्त सांगितला जाणारा अभ्यास 1969 सालचा, अमेरिकेतला आहे. पहिल्या माजाआधी नसबंदी झालेल्या माद्यांमध्ये कर्करोगाचा धोका नसबंदी न झालेल्यांच्या तुलनेत 0.5 टक्का, एका माजानंतर 8 टक्के आणि दोन किंवा अधिक माजांनंतर 26 टक्के, असं त्यात आढळलं. पिल्लं झाल्यानं मात्र संरक्षण मिळतं, असं दिसलं नाही. 2012 साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी असे सगळे अभ्यास पुन्हा तपासले आणि हा पुरावा कच्चा असल्याचं म्हटलं. म्हणजे नसबंदीचा फायदा नेमका किती, यावर वाद होऊ शकतो. पण बाळंतपण हा गाठींवरचा उपाय आहे, हे या वादातली कुठलीच बाजू म्हणत नाही.

गर्भपिशवीत पू होण्याचा आजार, पायोमेट्रा, ही खरी भीती. स्वीडनमधल्या विमा उतरवलेल्या कुत्र्यांच्या नोंदींनुसार नसबंदी न झालेल्या माद्यांपैकी जवळजवळ चारातल्या एकीला तो दहा वर्षांच्या आत होतो. कधीच न व्यालेल्या माद्यांत त्याचं प्रमाण जास्त असल्याचं काही अभ्यासांत दिसलं आहे, आणि गैरसमजाचं बीज बहुधा इथेच असावं. पण तिसऱ्या वर्षी एकदा व्यालेली कुत्री आठव्या वर्षी सुरक्षित नसते. गर्भपिशवी आणि अंडाशय काढणं हाच खात्रीचा बचाव. माजानंतर महिना-दोन महिन्यांत कुत्री खूप पाणी प्यायला लागली, खाईना, ओकायला लागली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. बाहेर स्राव दिसेलच असं नाही, आणि न दिसणारा प्रकार जास्त घातक.

ऑपरेशनच धोक्याचं, असंही कुणी म्हणतं. याच जयपुरात 'हेल्प इन सफरिंग' या संस्थेनं नोव्हेंबर 1994 ते डिसेंबर 2002 या काळात 24,986 रस्त्यावरच्या कुत्र्यांवर नसबंदी आणि लसीकरणाचं काम केलं. या शहराला हे ऑपरेशन नवीन नाही. कधी करायचं हा प्रश्न मात्र रास्त आहे. गोल्डन रिट्रीव्हरमध्ये वर्षाच्या आत नसबंदी केल्यास सांध्यांचे विकार वाढतात, असं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी 2013 साली दाखवलं. म्हणून मोठ्या जातींत वेळ डॉक्टरांशी बोलून ठरवावी.

मग पिल्लं काढायची तरी कशासाठी? पुढची पिढी आईबापांपेक्षा सुदृढ निघावी म्हणून, आणि तेवढ्याचसाठी. मुधोळच्या मालोजीराव घोरपड्यांनी स्थानिक शिकारी कुत्र्यांमधून निवडून पैदास केली, ती धाव आणि दम बघून. लॅब्राडोर आणि जर्मन शेफर्डमध्ये खुब्याचा सांधा बघावाच लागतो. त्याचा पक्का एक्स-रे अहवाल अमेरिकेतली नोंदणी संस्था दोन वर्षं पूर्ण झाल्यावरच देते. केनेल क्लबचे पेपर वंश सांगतात, खुब्याबद्दल काही सांगत नाहीत. पहिल्याच माजात लावणं म्हणजे वाढत्या अंगावर दुसरं ओझं. रक्त दिसलं की लावायची, हेही चूक : कुत्रीचं रक्त बीज सुटण्याच्या आधी येतं, आणि नेमका दिवस प्रोजेस्टेरॉनच्या तपासणीतून कळतो. एकदा मेटिंग झालं की नर शांत होतो, हे खोटं. भाऊ-बहीण लावले की जात शुद्ध राहते, हे तर घातकच. फ्रेंच बुलडॉगची पिल्लं विकून पैसा मिळतो म्हणणाऱ्यांनी ब्रिटनमधलं एक सर्वेक्षण बघावं : त्या जातीच्या 80 टक्क्यांहून जास्त वेतांना सिझेरियन लागलं होतं.

कायद्याचंही यात म्हणणं आहे. 2017 च्या श्वान पैदास आणि विक्री नियमांप्रमाणे मादी 18 महिन्यांची व्हायला हवी, वर्षात एकच वेत, आयुष्यात पाचांहून जास्त नाही, आणि आठ आठवड्यांआधी पिल्लू विकायचं नाही.

आणि जयपूरचा उन्हाळा कुणी मोजतच नाही. गाभणपण साधारण 63 दिवसांचं. मार्चमध्ये लावलेली कुत्री मेमध्ये विते. पहिले दोन-तीन आठवडे पिल्लांना स्वतःच्या अंगाचं तापमान सांभाळता येत नाही. थंडी जशी मारते तशीच 43-44 अंशांची खोलीही मारते, आणि त्यात वीज गेली तर दूध पाजणारी आईही धापा टाकत पडते.

आमच्या कुत्रीचा एक्स-रे अडीच वर्षांची असताना काढला. डावा खुबा सैल निघाला. ती धावते, चेंडू आणते, तिला आज काहीच दुखत नाही, पण तो सांधा तिच्या पिल्लांकडे जाऊ शकतो. त्यामुळे विषय संपला. दिवाळीनंतर ऑपरेशन आहे. मावशीला हे सगळं फोनवर सांगितलं, एक्स-रेचा फोटोही पाठवला. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "टाके किती दिवसांनी काढतात गं?"

दहा ते चौदा दिवसांनी.