मालदांडी तीन गटांत कशी?

वनस्पती प्रजननात पीएच.डी. करणारी मुलं लॅपटॉप घेऊन माझ्याकडे येतात, तेव्हा बहुतेकांची तक्रार एकच असते: ‘आर’ एरर देतंय. एरर येत असेल तर काम सोपं असतं. ‘आर’ या संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरमध्ये केमीन्स ही गट पाडणारी पद्धत चालवल्यावर लाल अक्षरांत ‘एनए, एनएएन, इन्फ’ असं काही आलं की समजायचं, तक्त्यात कुठेतरी चौकोन रिकामा राहिलाय किंवा आकड्यांच्या रकान्यात कुणीतरी आडवी रेघ मारून ठेवलीय. १० फेऱ्यांत उत्तर स्थिरावलं नाही, ही सूचनाही घाबरण्यासारखी नाही. मुळात मर्यादाच १० ची असते, ती वाढवायची.

धास्ती वाटते ती मुकाट्याने आलेल्या उत्तराची. क्लस्टर अ‍ॅनालिसिसकडे तीन गट मागा, तीन मिळतात. सात मागा, सात मिळतात. डेटात गट आहेत की नाहीत, हे ते आपण होऊन सांगत नाही.

एक विद्यार्थिनी रब्बी ज्वारीच्या वाणांची फाइल घेऊन आली होती. “सर, गट अगदी सुटे सुटे आलेत,” ती म्हणाली. आलेखावर खरोखरच तीन स्वच्छ पुंजके दिसत होते. अशा वेळी मी आधी चेक शोधतो, म्हणजे तुलनेसाठी लावलेला ओळखीचा वाण. इथे तो मालदांडी होता. प्रयोगात तीन रेप (पुनरावृत्त्या) होते, म्हणून मालदांडीचे प्लॉटही तीन, आणि ते तिन्ही वेगवेगळ्या गटांत जाऊन बसले होते. बी तेच, शेत तेच, हंगाम तोच. मग वाण स्वतःपासूनच इतका दूर कसा गेला?

आम्ही रकाने एकेक करून पाहिले. पहिलाच रकाना प्लॉट नंबरचा: पहिल्या रेपचे १०१ पासून, दुसऱ्याचे २०१ पासून, तिसऱ्याचे ३०१ पासून. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने तोही एक आकडाच, उंची किंवा वजनासारखाच मोजलेला. तीन गट म्हणजे तीन रेप होते, ज्वारीचा त्यांच्याशी काही संबंध नव्हता. तो रकाना काढला आणि प्रत्येक वाणाची तिन्ही रेपमधली सरासरी घेतली.

नवे गट आले तेही मला पटेनात. उंच वाण एकीकडे, बुटके दुसरीकडे, आणि टपोऱ्या दाण्याचे वाण सगळीकडे विखुरलेले. कारण साध्या अंतराच्या सूत्रातच आहे. दोन वाणांच्या उंचीत ४० सेंटिमीटरचा फरक असेल, तर त्याचा वर्ग १६००. शंभर दाण्यांच्या वजनात १ ग्रॅमचा फरक, हा ज्वारीत केवढा मोठा, पण त्याचा वर्ग १ च. म्हणून ‘स्केल’ वापरून प्रत्येक रकाना त्याच्या प्रमाण विचलनाने भागून घ्यावा लागतो.

पुढची अडचण: दर वेळी चालवलं की गट बदलतात. यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. आजचा गट १ उद्या गट ३ झाला, तर ते फक्त नाव बदललं. जुन्या-नव्या गटांचा उभा-आडवा तक्ता केला की कळतं. पण वाणच इकडचे तिकडे गेले असतील, तर केमीन्सने यदृच्छया निवडलेली सुरुवात आडवी आली. ‘आर’मध्ये अशी सुरुवात एकदाच होते. ‘एनस्टार्ट’ २५ किंवा ५० करा, सगळ्यांत घट्ट गट देणारं उत्तर ते आपोआप ठेवतं. ‘सेट सीड’ घातल्याने उत्तर पुन्हा तेच येतं, पण तेवढ्यानं ते चांगलं ठरत नाही. हा गैरसमज मला वारंवार भेटतो.

मग तिने गाइडकडचा जुना प्रबंध काढला. त्यातला डेंड्रोग्राम, म्हणजे गट दाखवणारी झाडासारखी आकृती, एसपीएसएस या दुसऱ्या सॉफ्टवेअरमधला, आणि तो हिने ‘आर’मध्ये काढलेल्या डेंड्रोग्रामशी जुळेना. जुळणारच नाही. तिथे काही न निवडता सरासरी जोडणी आणि अंतराचा वर्ग धरला जातो. ‘आर’मध्ये कम्प्लीट जोडणी आणि साधं अंतर. वॉर्डची पद्धत निवडली तरी सावध राहावं लागतं. २०१४ मध्ये ‘आर’ने ‘वॉर्ड डी’ आणि ‘वॉर्ड डी २’ असे दोन पर्याय वेगळे केले; साधी अंतरं दिली, तर वॉर्डने १९६३ मध्ये मांडलेला निकष ‘वॉर्ड डी २’च पाळतो.

‘स्केल’ने एक दुखणं जात नाही. कणसाची लांबी, घेर आणि वजन हे तीन रकाने बरेचसे एकच गोष्ट सांगतात आणि अंतरात ती तीनदा मोजली जाते. प्रशांतचंद्र महालनोबिसांनी १९३६ मध्ये मांडलेलं डी-स्क्वेअर अंतर हा सहसंबंधही हिशेबात घेतं. सी. आर. रावांच्या १९५२ च्या पुस्तकातून आलेली टोचरची गटपद्धत आणि हे डी-स्क्वेअर आपल्या कृषी विद्यापीठांतले विद्यार्थी आजही वापरतात. मला ही जोडी या कामासाठी योग्यच वाटते.

तिचे वाण त्या पद्धतीने गटांत घातले, तेव्हा दोन वाण एकेकटे पडले. एकट्या पडलेल्या वाणासाठी मी नेहमी फील्ड बुक मागवतो. पहिल्याच्या एका रेपमध्ये शंभर दाण्यांचं वजन ३.४ ऐवजी ३४ टाइप झालं होतं आणि सरासरीत ते लपून गेलं होतं. त्या एका आकड्याने आधीच्या पायरीत रकान्याचं प्रमाण विचलनही फुगवलं होतं, बाकी वाणांमधला खरा फरक दाबून टाकला होता. म्हणून सगळं पहिल्यापासून पुन्हा चालवलं.

दुसरा वाण मात्र तिन्ही रेपमध्ये सारखाच निघाला: टपोरा दाणा, लवकर फुलोरा. संकर करताना दूरच्या गटांतले पालक निवडायचे असतात आणि रब्बीचा हंगाम वर्षातून एकदाच येतो. तिने त्याचं नाव संकराच्या यादीत मालदांडीसमोर लिहिलं.