ताठरपणा वाढला? गोळी वाढवण्याआधी कारण शोधा
मल्टिपल स्क्लेरॉसिस समजून घेताना : लेखांक ५

मज्जातंतूंवरचे मायलिनचे आवरण कसे झिजते, ते मागच्या लेखात पाहिले. या झिजेमुळे पाय लाकडासारखे ताठ होतात, रात्री पोटरीत गोळे येतात. त्यावर काय करता येते, ते आज पाहू.

स्नायू ताणला गेला की तो आपोआप आकसतो. ही मज्जारज्जूची प्रतिक्षिप्त क्रिया. निरोगी माणसात मेंदू तिला सतत आवर घालतो. मेंदूकडून येणारे तंतू बिघडले की हा आवर सैल पडतो आणि स्नायू जरा ताणला तरी घट्ट होतो. दोष स्नायूत नसतो, म्हणून नुसत्या मालिशीने तो जात नाही.

आठ-पंधरा दिवसांत ताठरपणा एकदम वाढला, तर बहुतेकांना वाटते की आजार बळावला. पुष्कळदा कारण वेगळेच असते: लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, पाठीवरचा बेडसोअर, बोटात रुतलेले नख, घट्ट मोजे किंवा कडक थंडी. संवेदना कमी झाल्यामुळे रुग्णाला दुखणे कळत नाही, पण मज्जारज्जूला ते पोहोचते आणि स्नायू आखडतात. म्हणून आधी लघवीची तपासणी करा, पोट साफ होते का पाहा, घरच्यांनी पाठ, कंबर आणि टाचांची त्वचा रोज बघावी.

औषधांत बॅक्लोफेन आणि टिझॅनिडिन जास्त वापरली जातात. दोन्ही थोड्या मात्रेने सुरू करून हळूहळू वाढवतात. झोप आणि अशक्तपणा हे त्यांचे नेहमीचे त्रास. बॅक्लोफेन कधीही एकदम बंद करू नका. त्याने भास होतात, फिट येऊ शकते. गावाला जाताना गोळ्या पुरेशा घेतल्या आहेत ना, हे नक्की पाहा. टिझॅनिडिन चालू असताना सिप्रोफ्लॉक्सासिन घेऊ नये. रक्तदाब धोकादायकरीत्या उतरतो. हे प्रतिजैविक लघवीच्या संसर्गावर अनेकदा दिले जाते, तेव्हा चालू गोळ्यांची यादी प्रत्येक डॉक्टरला दाखवा. एखाद-दुसराच स्नायू आखडत असेल, तर बोटुलिनमचे इंजेक्शन उपयोगी पडते. गोळ्या पुरत नसतील, तर पोटाच्या त्वचेखाली पंप बसवून बॅक्लोफेन थेट मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात सोडता येते.

ताठरपणा पूर्ण घालवणे मात्र नेहमी हिताचे नसते. दुबळा पाय कित्येकदा त्या ताठरपणाच्याच आधारावर उभा राहतो. औषध जास्त झाले तर पाय सैल पडून माणूस कोसळतो. म्हणून ‘पाय किती मऊ झाला’ यापेक्षा ‘उठणे, चालणे, झोपणे सोपे झाले का’ हे डॉक्टरांना सांगा.

जळजळ, मुंग्या किंवा मान वाकवताच पाठीतून जाणारा विजेसारखा झटका ही मज्जातंतूंची वेदना. तिच्यावर साध्या वेदनाशामक गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही. गॅबापेन्टिन, प्रीगॅबालिन, अमिट्रिप्टिलिन यांसारखी औषधे लागतात.

रोजचा व्यायाम सोडू नका. पोटरी, मांडीची मागची आणि आतली बाजू सावकाश ताणा, अर्धा ते एक मिनिट तशीच धरा. झटके देऊ नका. स्वतःला जमत नसेल, तर घरच्या माणसाने फिजिओथेरपिस्टकडून पद्धत शिकून घ्यावी.

पुढील आठवड्यात : उन्हाळा आणि थकवा.